सात किलो लोणी आणि माझं सत्यव्रत

चातुर्मासात कुणी कांदा सोडतं, कुणी वांगं. मी यंदा खोटं बोलणं सोडलं. सून रुचिराला सातवा महिना लागलेला, तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून देवापुढे हात जोडले, "कार्तिकी एकादशीपर्यंत एक शब्द खोटा बोलणार नाही." (वांगं सोडलं असतं तर सोपं गेलं असतं, हे मागाहून सुचलं.)

बाळंतपणासाठी आम्ही दोघं मुलुंडहून लेकाकडे, स्वित्झर्लंडमधल्या बासेलला आलोय. डिंकाच्या लाडवांना तूप हवं, तुपाला लोणी हवं, आणि इथल्या लोण्याचा भाव रुपयांत मोजला की घ्यावंसं वाटत नाही. सौरभ म्हणाला, "आई, शनिवारी जर्मनीत जाऊन घेऊन येऊ. गाडीने पंधरा मिनिटं." चेकनाका ओलांडून ठाण्याला भाजीला जावं, तसं हे परदेशातून परदेशात!

दुकानात माझा हात सुटला. सात किलो लोणी घेतलं. गाडीत बसल्यावर ह्यांनी चष्मा पुसत सांगितलं, "अगं, माणशी एकच किलो बिनकराचं नेता येतं म्हणे."

"मग? आपण चौघं आहोत."

"तरी तीन उरतात."

"पोटातलं धरून पाच."

"त्याचा पासपोर्ट झालाय का?"

नाक्यावर विचारलं तर खरं सांगावं लागणार, लेक अडकणार. नाही सांगितलं तर नेम मोडणार, आणि नेम कुणासाठी धरलाय? मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. सौरभ पुढून "आई, ऐक ना" असं दोनदा म्हणाला. पण रामरक्षा अर्ध्यावर सोडतात का?

डोळे उघडले तर समोर नाका. पोलिसासारख्या कपड्यातला एक उंच बाबा उभा. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि 'जा' म्हणून हात हलवला. विचारलंच नाही!

सुटलो, असं मनात आलं आणि तिथेच नेम आठवला. गप्प राहून पळणं हेही खोटंच की. मी काच खाली केली.

"ओ साहेब! थांबा!"

"आई, काय करतेस?" सौरभने करकचून ब्रेक मारला. मागे हॉर्न वाजले. साहेब वाकून बघायला लागले.

"रुचिरा, सांग त्यांना. सात किलो आहे म्हणावं. आणि ह्यांना डॉक्टरांनी लोणी बंद केलंय, तेव्हा ह्यांचा किलो धरू नका."

"माझा कशाला काढतेस मध्येच?" हे म्हणाले.

रुचिरा जर्मनमध्ये काहीतरी बोलली. साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी अदबीने माझं दार उघडलं आणि बाजूच्या इमारतीतला दरवाजा दाखवला. दंड भरायचं ऑफिस असणार! मी लोण्याची पिशवी छातीशी धरून ताठ मानेने निघाले.

आत संडास होता. स्वच्छ, पण संडासच.

तशीच उलटी फिरले. बाहेर साहेब काळजीने उभे. पोटावर हात फिरवून त्यांनी खुणेने विचारलं, आता बरं वाटतंय ना? मागे सात-आठ गाड्यांतली माणसं बघत होती. लाजेने मी जोरात होकाराची मान डोलावली आणि गाडीत शिरले.

"रुचिरा! काय सांगितलंस त्याला?"

"तुम्हाला घाईची लागलीय म्हटलं. मागे रांग लागली होती, आई!"

"आणि लोणी?"

"अगं, त्याचा कर मी दुकानाबाहेरच फोनवरून भरला," सौरभ म्हणाला. "तेच सांगत होतो. तू ऐकत कुठे होतीस?"

म्हणजे लोण्याचं सगळं रीतसर होतं. थाप रुचिराची होती, पण तिला मान डोलावून होकार मी दिला होता. अख्ख्या चातुर्मासातलं पहिलं खोटं, तेही न गेलेल्या संडासाबद्दल!

"गाडी वळव."

"आई!"

"माझ्या नातवंडाचा प्रश्न आहे, वळव."

साहेबांच्या समोरून मी पुन्हा त्या दारात गेले आणि मघाशी कबूल केलेलं खरं करून आले. वेळ लागला, पण नेम वाचला. मन कसं हलकं झालं!

बाहेर साहेब वाट बघत होते. मोठ्या मायेने त्यांनी माझ्या हातावर दोन गोळ्यांचं छोटं पाकीट ठेवलं. म्हटलं, परका माणूस, पण भक्ती ओळखली. गाडीत रुचिराने पाकिटावरचं वाचलं.

जुलाब थांबवायच्या होत्या.