टेसाचं कौतुक

संत्र्याच्या फोडींचा डबा टेसाला नेऊन द्यायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (एवढ्यावर मी थांबत नाही, हीच माझी खोड.)

ओहायोत येऊन आठ वर्षं झाली, तरी पोरींच्या सॉफ्टबॉलच्या मॅचला माझा जीव थाऱ्यावर नसतो. माझ्या लेकीला, रुजूला चेंडू लागेल, ऊन लागेल, दृष्ट लागेल! कानामागे काजळाची तीट लावल्याशिवाय मी तिला मैदानात सोडत नाही.

टेसा ही आमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. शेजारच्या डार्लीनची मुलगी. अख्ख्या गल्लीत मला नावाने हाक मारते ती एक डार्लीनच. त्या दिवशी पाहते तर पाच डाव चेंडू टाकून टेसा बाकाच्या टोकाला एकटी बसलेली. एकही पोरगी तिच्याशी बोलेना. कोचसुद्धा तोंड फिरवून उभा. माझं काळीज हललं. उद्या माझ्या रुजूला असं वाळीत टाकलं तर?

गेले डबा घेऊन. जाळीपाशी वाकून म्हटलं, "टेसाबाळा, तोंड का पाडलंस? अगं, समोरच्या एकीलाही तुझा चेंडू मारता आलेला नाही अजून!"

रुजूने टोपी नाकापर्यंत ओढली. डार्लीन धावत आली.

"सुलू! काय बोललीस तिला?"

"कौतुक केलं गं."

"अगं बये, तेवढंच तर बोलायचं नसतं! तासभर आम्ही सगळे जीभ चावून बसलोय. पिचरने एकही टोला बसू दिलेला नसताना कुणी नाव काढतं का त्याचं?"

"म्हणजे... दृष्ट लागते?"

"लागली समज!"

(तीट लावणारी मी. मला कळू नये?)

पुढच्या डावात दुसऱ्याच चेंडूला टोला बसला, तो थेट रुजूच्या डोक्यावरून. टेसा रडली, डार्लीन रडली, मी दोघींपेक्षा मोठ्याने रडले. मॅच जिंकलो म्हणून बरं, नाहीतर मला घरच बदलावं लागलं असतं.

संध्याकाळी डार्लीन दारात उभी.

"शनिवारी फायनल आहे," ती म्हणाली. "तू आमच्यात बसायचं नाहीस."

"बरं," मी कसंबसं म्हटलं.

"समोरच्या संघाच्या लोकांत बसायचं. त्यांच्या पिचरचं तोंड भरून कौतुक कर. संत्री माझ्याकडून."

गेले. अगदी जीव ओतून कौतुक केलं. त्या पोरीने आमच्या नऊजणी ओळीने बाद केल्या, आणि रिकामा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "काकू, पुढच्या मॅचलाही याल ना?"