कार्ड काही तापेना

जुनी वस्तू नव्यासारखी चालवून दाखवायची, असं नवऱ्याने मनात आणलं की बायकोने त्या दिवशी सरळ माहेरी जावं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या क्षमाला मात्र त्या रविवारी कुठेच जाता येत नव्हतं. संध्याकाळी तिचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक घरी येणार होतं.

क्षमाने नुकतीच घरसजावटीची कामं घ्यायला सुरुवात केली होती. सिलतऱ्याच्या एका कारखान्यातले सुपरवायझर धर्मपालजी आणि त्यांची बायको कुसुम यांच्या नव्या घराचं स्वयंपाकघर तिने कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. ते पडद्यावर फिरवून दाखवायचं, त्यांना आवडलं की काम तिचं. पण कॉम्प्युटर म्हातारा. कपाटाचं दार उघडायला सांगितलं की तो आधी विचार करायचा, मग गचका खायचा, आणि दार फ्रिजमध्ये घुसून थांबायचं.

"मी शेजारच्या शर्मिष्ठाचा लॅपटॉप मागून आणते," क्षमा म्हणाली.

इथे तिच्या नवऱ्याचा, शिशिरचा, स्वाभिमान दुखावला. (तो नवा रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात बाबू होता. तिथे स्वाभिमान वापरायची सोय नसल्याने तो घरी शिल्लक राहायचा.)

"मागाचा काहून? आपल्यापाशी ग्राफिक्स कार्ड आहे न! मी त्याले ओव्हरक्लॉक करून देतो."

"म्हणजे?"

"पडद्यावरचे चित्रं तेच काढते न. त्याले कंपनीच्या स्पीडपेक्षा जास्त पळवाचं."

"अन् जळलं तर?"

"नवशिक्यांसाठी सेफ तरीका आहे. मी व्हिडिओच पाहून राहिलो."

खरं सांगायचं तर तरीका सेफच होता. आधी धूळ काढायची. मग वेग अगदी थोडा वाढवायचा, चाचणी चालवायची आणि कार्ड किती तापलं ते बघायचं. फार तापलं किंवा चित्रावर रंगीत ठिपके आले की निमूटपणे मागे यायचं. शिशिरने यातलं काहीही सोडलं नाही. बाहेर मे महिन्यातलं रायपूर भाजून निघत होतं, म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याने कॉम्प्युटरकडे वळवला. कार्ड भिजू नये म्हणून कूलरचं पाणी बंद केलं. त्यामुळे बाहेरची लू, ती भाजणारी झळ, घरातच वाहू लागली.

वेग थोडा वाढवला. कार्ड थंड. आणखी वाढवला, तरी थंड. शिशिरची छाती फुगत गेली.

"क्षमा, पाह्य! सारं गाव उकडून राहिलं आन् माह्यं कार्ड माठातल्या पाण्यासारखं!"

शेवटी त्याने वेग टोकापर्यंत नेला. (इतकं चांगलं चाललंय म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय, असा विचार करायला व्हिडिओत सांगितलं नव्हतं.)

"पण दार तर अजून फ्रिजातच जाऊन राहिलं," क्षमा घाम पुसत म्हणाली.

"नवा स्पीड आहे. त्याले सवय होऊ दे."

एव्हाना शर्मिष्ठा घराला कुलूप लावून सदर बाजारला निघून गेली होती. आणि तेवढ्यात बेल वाजली.

धर्मपालजी आणि कुसुम बसले, कूलरची गरम हवा लागताच जरा सरकून बसले. क्षमाने स्वयंपाकघर उघडलं. दाराने गचका खाल्ला.

"मैडम, असली वाला भी ऐसे ही खुलेगा?" धर्मपालजींनी काळजीने विचारलं.

क्षमाचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून ती वायर बघायच्या निमित्ताने टेबलामागे वाकली, आणि तिथेच थांबली. पडद्याची वायर कार्डात नव्हतीच. ती कॉम्प्युटरच्या डब्याच्या दुसऱ्याच भोकात खोचलेली होती, आणि कार्डाच्या भोकात झेंडूची वाळकी पाकळी अडकली होती.

"अहो, हे काय आहे?"

शिशिर वाकला आणि त्याला खंडेनवमी आठवली. शस्त्रपूजेला त्याने साऱ्या वायरी काढून डबा पाटावर ठेवला होता, हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडू वाहिला होता. नंतर वायर जिथे बसली तिथे बसवून दिली होती. तेव्हापासून बिचाऱ्या कार्डाला कामच नव्हतं. ते तापणार कशाला?

त्याने घाईघाईने पाकळी काढून वायर कार्डात खोचली. कार्डाला इतक्या महिन्यांनी काम मिळालं, तेही एकदम टोकाच्या वेगाने. आतला पंखा घोंगावू लागला, पडद्यावरच्या भिंतींवर गुलाबी-हिरवे चौकोन नाचले आणि पडदा काळा झाला.

"बाबा रे!" क्षमा एवढंच म्हणाली.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याने शिशिरची दिवसभराची सगळी मेहनत टाकून दिली होती आणि कार्ड कंपनीच्या मूळ वेगावर आणून ठेवलं होतं. त्या वेगात कपाटाचं दार अलगद उघडलं, अलगद मिटलं. क्षमाने साऱ्या स्वयंपाकघराची फेरी मारून आणली. कुठे म्हणून काही अडकलं नाही.

कुसुम मघापासून पडद्याकडे कमी आणि शिशिरकडे जास्त बघत होती.

"किचन पक्का, दीदी," ती म्हणाली. "बस, एक बात. हमारे ये भी हर इतवार कुछ खोलकर बैठ जाते हैं. मिक्सर का पॉइंट ऐसी जगह दीजिए जहाँ इनका हाथ न पहुँचे. मैं स्टूल रख लूँगी."

धर्मपालजी छताकडे बघू लागले.

"हव दीदी, अभी लो." क्षमाने डोळे पुसले आणि ड्रॉवरमधून टेप काढला. "अहो, तुम्ही यांच्याएवढेच उंच. जरा भिंतीले टेकून उभे राहा. हात वर करा. आनखी वर. टाचा नका उचलू."

शिशिर हात वर करून उभा राहिला. क्षमाने जमिनीपासून त्याच्या बोटांपर्यंतचं माप घेतलं, वर वीतभर जास्तीचं धरलं आणि पडद्यावरचा मिक्सरचा पॉइंट तिथे नेऊन ठेवला.