मूळ कारण : नाव व पूर्ण पत्ता

ही हकीकत सन एकोणीसशे शहाऐंशीमधली. त्या काळी सरकारी कचेरीत पंखे हळू फिरत, फाइली त्याहून हळू फिरत, आणि कोण कधी काय खातं याकडे लक्ष द्यायला सरकारला सवड नव्हती. ती सवड त्या वर्षी झाली.

वजनमापे कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, जावक विभाग होता. विभाग म्हणजे एक टेबल, तारखेचा शिक्का, डिंकाची बाटली आणि एक बाई. कार्यालयातून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र तिच्या हातून जाई. ती त्याला क्रमांक देई, पत्ता तपाशी आणि मगच शिक्का मारी. सव्वीस वर्षांत तिने एकही पत्र उद्यावर टाकलं नव्हतं, आणि अपुऱ्या पत्त्याचं पाकीट तर साहेबांच्या सहीचं असलं तरी परत पाठवलं होतं. आईवडिलांनी तिला एक नाव ठेवलेलं होतं, पण ते हजेरीपत्रकालाच ठाऊक. बाकी सगळे तिला जावकबाई म्हणत.

टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात पत्र्याचा डबा होता आणि डब्यात बिस्किटं. दुपारचे चार वाजले की खण ओढला जाई. जावक विभागातली ती एकमेव आवक. किती बिस्किटं गेली हे तिने कधी मोजलं नाही, आणि ती कशी लागतात हेही तिला सांगता आलं नसतं. बोटं डब्याच्या तळाला लागली की तिला कळे, खाऊन झालं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. फक्त दर दोन वर्षांनी तिची खुर्ची बदलावी लागे.

त्या वर्षी साहेब तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. विषय होता, 'संयमित आहार, सक्षम प्रशासन'. प्रशिक्षण एका मोठ्या हॉटेलात होतं आणि दिवसातून पाच वेळा खाणं होतं. साहेब परत आले ते दोन किलो वाढून आणि एक विचार घेऊन. माणूस पोटासाठी खात नाही, मनासाठी खातो, हे त्यांना तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जेवणानंतर पटलं होतं. आता विचार चांगलाच होता. पण चांगला विचार साहेबांच्या हाती लागला की त्याचं परिपत्रक होतं, आणि परिपत्रक झालं की त्यातला विचार निघून जातो.

परिपत्रकात म्हटलं होतं की कर्मचाऱ्यांनी भावनेच्या भरात खाणं हे कार्यालयीन शिस्तीस बाधक आहे. सबब, यापुढे कार्यालयात काहीही खाण्यापूर्वी नमुना क्रमांक सात तीन प्रतींत भरून द्यावा. नमुन्यात रकाने होते. पदार्थाचं नाव. वजन. खाण्यापूर्वीची भावना. खाण्यानंतरची भावना. दोहोंतील फरक. आणि शेवटी, सदर भावनेचे मूळ कारण, नाव व पूर्ण पत्त्यासह. अर्जांची छाननी करायला तीन सदस्यांची समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष अर्थातच साहेब होते.

वजनाची अडचण आली नाही. कार्यालयच वजनमापांचं. तळघरातला सोन्याचा काटा वर आणला, आणि बिस्किटं मिलिग्रॅममध्ये मोजली जाऊ लागली. अडचण आली ती शिपाईमामांच्या अर्जाची. शिपाईमामा या खात्यात साहेबांच्या आधीचे, इमारतीच्याही आधीचे. त्यांनी भावनेच्या रकान्यात लिहिलं, 'भूक'. अर्ज परत आला. भूक ही मान्यताप्राप्त भावनांच्या यादीत नाही; भुकेसाठी वैद्यकीय दाखला जोडावा.

शिपाईमामा अर्ज घेऊन आत गेले. "साहेब, माझं पोट जुन्या वळणाचं आहे. त्याला भुकेशिवाय काही लागतच नाही."

"मग दाखला आणा."

"डॉक्टर म्हणतात, भूक लागलेली आहे का ते तपासायला उपाशीपोटी यावं लागेल."

"मग अडचण काय?"

"अडचण काही नाही. आज दुसरा दिवस आहे."

दाखला चौथ्या दिवशी मिळाला. तो एकाच जेवणापुरता होता. तोवर बाकीचे शहाणे झाले होते. सरळ 'उदास' लिहायचं आणि डबा उघडायचा. महिन्याभरात असं झालं की उपाशी माणसाला जेवण मिळेना आणि दुःखी माणसाला दोनदा मिळे. बेचाळीस कर्मचाऱ्यांचं ते कार्यालय कागदोपत्री जगातलं सर्वांत दुःखी कार्यालय ठरलं, आणि साहेबांनी ते प्रगती म्हणून वर कळवलं.

जावकबाईने नमुना इमानेइतबारे भरला. पदार्थ, बिस्किट. खाण्यापूर्वीची भावना, जड. खाण्यानंतरची भावना, जड. दोहोंतील फरक, अडीचशे ग्रॅम. शेवटचा रकाना मात्र तिने कोरा ठेवला. अर्ज परत आला, वर लाल शेरा, 'पत्ता अपूर्ण'. तिने तो तसाच पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा शेऱ्याखाली समितीने लिहिलं होतं, 'जावक विभागाकडून ही अपेक्षा नव्हती.'

हे तिला लागलं. दुसऱ्या कोणी काहीतरी थाप मारली असती, शेजाऱ्याचं नाव टाकलं असतं. पण सव्वीस वर्षं लोकांचे अपुरे पत्ते परत करणाऱ्या बाईला स्वतःच्या अर्जावर तो शेरा सोसवेना, आणि खोटा पत्ता लिहायला हात वळेना. तिने पेन उचललं आणि एका दमात लिहून टाकलं. धाकटी बहीण. घर क्रमांक, गल्ली, खूण म्हणून समोरचं शिंप्याचं दुकान, गाव, पिनकोड. अकरा वर्षांत त्या पत्त्यावर तिने एक ओळ पाठवली नव्हती, पण एक आकडा चुकला नाही.

गोष्ट तशी लहान होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, गोड वर्ज्य. जावकबाईने तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला डिंकाने चिकटवला आणि पाळला. धाकटीने एका दुपारी चहात बुडवून आईला एक बिस्किट भरवलं. तिसऱ्या दिवशी आई गेली. भरल्या घरात, चार माणसांसमोर, थोरली धाकटीला म्हणाली, "तूच." तेवढा एक शब्द. धाकटी उठली, चपला घातल्या आणि गेली. बोलणं तुटलं ते तुटलंच.

समितीचं काम इथून खरं सुरू झालं. मूळ कारणं हाती आली. आता त्यांचं करायचं काय? दोन बैठका झाल्या. कारणाला कारणे दाखवा नोटीस द्यावी, असं ठरलं. मसुदा साहेबांनी स्वतः केला. 'सदर कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या अतिरिक्त बिस्किटसेवनास आपण कारणीभूत असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत आपणांविरुद्ध कार्यवाही का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत समक्ष सादर करावा.'

नोटिसांचा गठ्ठा टाइप होऊन जावक विभागात आला. कोणाची सासू होती, कोणाचा मेव्हणा, कोणाचा वरच्या मजल्यावर रात्रंदिवस खुर्च्या ओढणारा शेजारी. जावकबाई क्रमांक घालत गेली. चार हजार एकशे बारा क्रमांकाच्या पाकिटावर तिचा शिक्का हवेत थांबला.

शिपाईमामा टपालाची पिशवी घेऊन समोर उभे होते. त्यांनी पत्ता वाचला, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, एखादं पाकीट कपाटामागे पडतं. माणसाच्या हातून होतं."

"माझ्या हातून आजवर पडलेलं नाही, मामा."

"म्हणून तर कोणी संशय घेणार नाही."

कपाट दोन हातांवर होतं. त्यामागे पाकीट पडलं असतं तर अकरा वर्षांची बारा झाली असती, पुढे वीस झाली असती, आणि डबा होताच. आणि गेलं, तर धाकटी हसेल, नाहीतर फाडून टाकेल, नाहीतर उत्तरच देणार नाही. हे तिसरं तिला सर्वांत भयंकर वाटलं. उत्तर आलं नाही की मग विचारायला काही उरत नाही.

"तू स्वतः दोन ओळी का लिहीत नाहीस?" मामा एकदम एकेरीवर आले. वयाने त्यांना तो हक्क होता.

"काय लिहू? सुरुवातच सुचत नाही."

"मग ही काय वाईट आहे? 'निदर्शनास आले आहे.'"

तिने शिक्का मारला. त्या दिवशी चार वाजता तिने डबा उघडला, अर्धं बिस्किट खाल्लं आणि उरलेलं परत ठेवलं. नमुना न भरताच तिने डबा बंद केला, आणि हा बहुधा नियमाचा पहिला भंग होता.

दरम्यान समितीपुढे नवाच पेच उभा राहिला. बेचाळीस अर्जांपैकी एकतीस अर्जांत मूळ कारण म्हणून एकच नाव आणि एकच पत्ता होता, तळमजला, डावीकडची केबिन. नियम सर्वांना सारखा. साहेबांनी साहेबांना एकतीस नोटिसा काढल्या, त्यांवर सह्या केल्या, आणि जावकबाईने त्या क्रमांक घालून त्यांच्याच टेबलावर पोचवल्या. सात दिवसांत स्वतःला खुलासा देणं साहेबांना जमेना. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज नीट वाचून, कारणं समाधानकारक नाहीत असा शेरा मारून, त्यांनी तो नाइलाजाने मंजूर केला.

सातव्या दिवशी, चारला पाच कमी असताना, जिन्यावर चपला वाजल्या. जावकबाईने मान वर केली नाही. त्या चपला अकरा वर्षांपूर्वी ज्या चालीने गेल्या होत्या त्याच चालीने येत होत्या, फक्त मधे दोन पायऱ्यांवर थांबून दम खात होत्या. धाकटी टेबलासमोर येऊन उभी राहिली. तीही चांगली दुहेरी अंगाची झाली होती. तिने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"खुलासा आणलाय. पोच हवी."

"आवक खाली आहे," जावकबाई म्हणाली. "ही जावक."

"मला खाली नाही द्यायचा."

जावकबाईने कागद उचलला. अक्षर आईच्या वळणाचं. 'एक, नोटीस मिळाली. दोन, आरोप मान्य. तीन, परंतु गेली अकरा वर्षे खुलासा देणारीही रोज दुपारी चार वाजता डबा उघडते. चार, मूळ कारण, थोरली बहीण, जावक विभाग, वजनमापे कार्यालय, पहिला मजला.'

तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाली, "तारीख घातली नाहीस."

"तू अजून तशीच आहेस, ताई."

"पिनकोडही नाही."

"ताई," धाकटी खाली वाकून म्हणाली, "आईने त्या दिवशी तुझ्याकडेही मागितलं होतं."

"माहीत आहे."

"मग मला का म्हणालीस?"

जावकबाईने शिक्का उचलला, खाली ठेवला. "मी तिला भिंतीवरचा कागद वाचून दाखवला गं," ती म्हणाली. "बिस्किट मागत होती, आणि मी तिला कागद वाचून दाखवला. हे कोणाला सांगणार होते?"

शिपाईमामांनी कोणी न सांगता एक स्टूल आणून ठेवलं आणि दोन चहा आणले. खण ओढला गेला. दोघींनी एकेक बिस्किट घेतलं, चहात बुडवलं. धाकटीचं तुटून कपात पडलं. ती चमच्याने शोधू लागली आणि जावकबाईला हसू आवरेना. ते बिस्किट जिऱ्याचं होतं. अकरा वर्षं ती एकाच दुकानातून तेच बिस्किट आणत होती, आणि त्यात जिरं असतं हे तिला त्या दिवशी कळलं. दुसरं घ्यायला हात गेला नाही. डब्याला झाकण लागलं, आणि बिस्किटं आतच राहिली.

हसण्याचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. साहेब वर आले. विनाअर्ज खाणं चालू असल्याचं त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. त्यांनी विचारलं, ही कोणती भावना? जावकबाई म्हणाली, आनंद. साहेबांनी यादी काढली. यादीत राग होता, चिंता होती, कंटाळ्याचे तीन उपप्रकार होते. आनंद नव्हता, तो कार्यालयात उद्भवेल अशी कोणाला कल्पनाच नव्हती. साहेबांनी वरच्या कार्यालयाकडे मार्गदर्शन मागवलं आणि तोवर सर्व नमुने स्थगित ठेवले. मार्गदर्शन अजून आलेलं नाही.

साहेबांना पुढे बढती मिळाली. निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते स्वतःला मुदतवाढ देत राहिले, आणि निरोपसमारंभात एकतीस जणांनी त्यांना मिळून एक काटा भेट दिला. समिती अजून आहे. दर महिन्याला भरते, आणि तिच्या अल्पोपाहाराला अर्ज लागत नाही. शिपाईमामा नव्वदीपर्यंत जगले, रोज एक वाजता जेवले आणि भावनेच्या भानगडीत शेवटपर्यंत पडले नाहीत. धाकटीने घर बदललं. शिंप्याच्या दुकानासमोरून उठून ती थोरलीच्या गल्लीत आली. दोघी आता चार वाजता चहा घेतात. बशीत दोन बिस्किटं असतात. कधी भांडण झालं तर चार, आणि मग दोघीही ती मोजतात.

राहिला नमुना क्रमांक सात. छापखान्याने एका कार्यालयापुरत्या थोड्याच प्रती छापायला नकार दिला होता, म्हणून एकदम तीन लाख प्रती छापून घेतल्या होत्या. त्या रद्दीत गेल्या, आणि बेकरीवाले अजून त्यांत पुडे बांधतात. तेव्हा आज दुपारी, भूक नसताना, तुम्ही जो पुडा सोडाल त्याचा कागद चुरगळून टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. शेवटचा रकाना कोरा असेल. पत्ता तुम्हाला पाठ आहे.