मागच्या सीटचा पंचनामा

गाडीच्या पडद्यावर सूचना आली, ‘बॅटरी थंड ठेवणारा फिल्टर साफ करा’. गॅरेजवाला म्हणाला, परवा या. परवापर्यंत दम धरला असता तर कारकुनांची अब्रू झाकली राहिली असती. पण दिवस सुट्टीचा होता, आणि गाडीच्या पुस्तिकेत ‘हे काम घरीही करता येते’ असं छापलेलं होतं. (माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरतं.)

हायब्रीड गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते. सीटच्या कडेला एक जाळी, जाळीमागे पंखा. तो गाडीतलीच हवा ओढून बॅटरीला वारा घालतो. कारकुनांनी जाळी ओढली. तिच्या चार खिट्ट्यांपैकी एक तुटली, एक उडून सीटखाली गेली, आणि फिल्टर बाहेर आला तो केसांनी माखलेला.

“बघ!” ते गरजले. “तुझी ढमी!”

ढमी म्हणजे बायकोचं काळंपांढरं मांजर. सात वर्षं घरात होती आणि त्यातली सहा कारकुनांच्या खुर्चीत.

“अहो, ती पुढे माझ्याजवळ टोपलीत असते. मागे तुम्ही बसता.”

हे खरं होतं. पुढे बसले की कारकून नसलेला ब्रेक दाबत, म्हणून बायकोनं त्यांना मागे धाडलं होतं. रोज ऑफिसला सोडताना तीच गाडी चालवायची, आणि ते मागे बसून भांग पाडायचे.

“ते काही नाही. ज्याचे केस, त्यानं महिनाभर तुझ्या ताईकडे राहायचं. लेखी!”

बायकोचा चेहरा पडला. ढमी गेली तर दुपार कशी जाणार, हे तिलाच ठाऊक. पण कारकून कोर्टात जप्तीचा माल सांभाळायचे. घरातल्या साखरेच्या डब्यावरसुद्धा त्यांची सही असे. फिल्टर घेऊन ते वर घरात आले, त्यांनी चिमूटभर केस पाकिटात घातले, पाकीट लाखेनं बंद केलं, पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून शेजारच्या बाईंना बोलावलं. बाईंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्या येईपर्यंत उरलेला फिल्टर साफ करावा म्हणून कारकुनांनी व्हॅक्यूम लावला. नळी उलट्या बाजूला बसली होती. सगळा धुरळा त्यांच्याच तोंडावर आला.

“अगं बाई, कोण हे?” बाई दारातच थबकल्या. मग त्यांनी पाकीट फोडलं आणि भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बायकोनं ढमीला घट्ट उचलून घेतलं.

“भाऊ, हा केस बुडाशी पांढरा आणि पुढे काळा आहे.”

“ढमीच! काळीपांढरी!”

“सगळेच तसे आहेत हो. मांजर कलप लावतं का?”

कारकुनांनी शिंकण्याचा प्रयत्न केला, पण ऐन वेळी शिंकही आली नाही. ‘आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत’ हे वाक्य त्यांनी याच बाईंना दर भेटीत ऐकवलं होतं. बाईंनी गंभीरपणे पंचनाम्यावर सही केली, आणि जिना उतरेपर्यंत हसू आवरलं.

कारकुनांनी मुकाट्यानं बॅग काढली. शब्द म्हणजे शब्द, तोही लेखी.

“ठेवा ती बॅग,” बायको म्हणाली. “मला ढमीही हवी आणि तुम्हीही.” मग ती आतून एक लहान ब्रश घेऊन आली. “आणि पुढच्या खेपेला मानेमागचं मी लावीन. अकरा वर्षं तिथलं राहून जातंय.”

“तुला… अकरा वर्षं माहीत आहे?”

“मला कुठलं कळायला? पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं. मग तिनं सगळ्यांना सांगितलं.”