अप्पा डॉक्टरांची फी

मी लिहिणारा माणूस नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच मी, आणि तेवढ्या बळावर मोठ्या माणसांविषयी लिहिणे हा आगाऊपणाच. वाचकांनी क्षमा करावी. पण रत्नागिरीत जो तो अप्पा डॉक्टरांना ‘पैशाचा लोभी’ म्हणतो, ते मला ऐकवत नाही.

अप्पा फी दणकून घेतात, हे खरे. मात्र रोगी बरा झाल्याखेरीज नाही, आणि ती त्याने स्वतः चालत आणून दिली पाहिजे. एका बागाईतदारांनी गड्याबरोबर रुपये पाठवले. अप्पांनी गड्याला तसाच परत धाडला. “रुपये नकोत, मालक आण!” मालक बैलगाडीतून आले, तर अप्पा ओटीवरूनच ओरडले, “गाडी तिठ्यावर न्या! तिथनं चालत या!” धापा न टाकता ते पायऱ्या चढले, तेव्हा कुठे अप्पांनी हात पुढे केला.

“सरकारी नोकरी का सोडलीत? बांधला पगार होता,” मी एकदा भीत भीत विचारले.

“रोगी जगला तरी पगार, मेला तरी पगार! मग मी काय केलं, ते मला कळायचं कसं रे?”

गेल्या साली माझे वडील छातीच्या तापाने पडले. ते शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. अप्पांनी त्यांना उठवून बसवले आणि बजावले, “इतक्यात समुद्राचं नाव काढायचं नाही.” ताप उतरताच वडील मचवा घेऊन गुजरातेकडे गेले.

मी मे महिन्याच्या सुटीत घरी आलो, तेव्हा पावसाआधी सगळे मचवे परतत होते. आमचा नव्हता. आईने देव पाण्यात घातले. मी मांडवी बंदरावर जाई, तर अप्पा आधीच धक्क्यावर उभे. कोळणी हसत, “डाक्टर, तांडेल फी बुडवून पळाला वाटतं!”

“जातो कुठं? दुप्पट घेईन!” अप्पा ठसक्यात सांगत.

एका संध्याकाळी धक्का रिकामा झाल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, “फी राहू दे रे. घरी बोलायला कोणी नाही. मग मी आपला आठवत बसतो, माझा कोणता रोगी आता कुठं हिंडत-फिरत असेल. तुझ्या वडिलांना तेवढं कुठं बघावं, कळत नाही.”



दुसऱ्या दिवशी एक मचवा आला. तो लागण्याआधीच अप्पा धोतर सावरीत गुडघाभर पाण्यात उतरले. “आमचा तांडेल दिसला का रे कुठं?”

“दिसला म्हंजे?” वरून खलाशी ओरडला. “वेरावळात सुकाणू मोडलंय, म्हणून आडाकलाय. डोलकाठीवर चडून आमालाच शिव्या घालीत व्हता!”