ठराव मंजूर होईपर्यंत दाराबाहेर

नागरिकशास्त्र शिकवावं तर आपणच, असं मी गेली अकरा वर्षं स्टाफरूममध्ये सांगत आलोय. बाकीचे धडा वाचून दाखवतात, मी धडा घडवून दाखवतो! त्यामुळे सातवीला जागतिक सहकार्य आणि निर्वासितांचे हक्क हा धडा आला, तेव्हा मी घरी जाहीरच करून टाकलं, की यंदा वर्गात जागतिक परिषद भरवणार. बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, नुसता वाचून दाखवला तर नाही का चालणार?" कलावंताची घरात ही अशी कदर.

बेत साधा होता. सहा मुलं सहा देशांचे प्रमुख. पुढची बाकं गोलाकार, प्रत्येकासमोर पुठ्ठ्याची पाटी. वर्गात ज्याला सगळे भोंगा म्हणत, तो परिषदेचा अध्यक्ष, म्हणजे माईकचा प्रश्न आपोआप मिटला. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी होती. ती इतकं हळू बोलायची, की पोरांनी तिचं नाव हळूबाई पाडलं होतं. तिला मी बैठकीचा वृत्तान्त लिहायला बसवलं. अक्षर चांगलं, आणि बोलायचं काम नाही. निर्वासित मात्र बाहेरून यायला हवेत. म्हणून शेजारच्या सहावीच्या बाईंना गाठून ठरवलं, की तिसऱ्या तासाची घंटा झाली की त्यांनी सहा मुलं गाठोड्यांसकट माझ्या दाराशी पाठवायची.

त्या दिवशी फळ्यावर मी वळणदार अक्षरात लिहिलं: 'जीव वाचवून आलेल्या माणसाला पुन्हा त्याच धोक्यात लोटता येत नाही. निर्वासित मुलांनाही शिकण्याचा हक्क आहे.' खाली दोन रेघा मारल्या. घंटा झाली आणि दारावर थाप पडली.

दार अर्धं उघडून बघतो तर बाहेर सहा नव्हे, अख्खी सहावी. एक्केचाळीस मुलं, दप्तरं डोक्यावर, बूट ओलेचिंब, केसांतून पाणी निथळतंय. मला अगदी भरून आलं. बाईंनी माझा प्रयोग इतका मनावर घेतला असेल, असं वाटलं नव्हतं. सगळ्यांत पुढे उभी असलेली दोन वेण्यांची पोरगी तर चक्क हुंदके देत होती. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "छान. असंच चालू ठेव." ती माझ्याकडे बघतच राहिली.

खरा प्रकार मला नंतर कळला. सहावीच्या वर्गावरची पाण्याची टाकी फुटली होती आणि छतातून धो धो पाणी पडत होतं. शिपाई गच्चीवर पळाला होता, बाई वह्यांचं कपाट वाचवत होत्या, आणि मुलांना त्यांनी सांगितलं होतं, की शेजारच्या सरांच्या वर्गात जाऊन बसा.

इकडे परिषद सुरू झाली. भोंग्याने विचारलं, कुठून आलात. शेजारून. का आलात. वर्गात पाणी शिरलं. पुरावा काय? एका मुलाने बूट काढून उलटा केला, तर धार लागली. मी मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा देऊन टाकले.

मग देश बोलू लागले. एकाने सहानुभूती व्यक्त केली, दुसऱ्याने तीव्र चिंता. तिसरा म्हणाला, आमच्याकडे बाकं मोजकीच आहेत. चौथी म्हणाली, खिडकीकडच्या देशात जागा जास्त आहे. पाचव्याने यात हुशार किती ते विचारलं, तेवढेच घेऊ म्हणाला. सहाव्याने उपसमिती नेमायची सूचना मांडली, ती मात्र एकमताने मंजूर झाली. यातलं काहीही मी शिकवलं नव्हतं. पोरं हे कुठून शिकली, हा प्रश्न तेव्हा मला शिवलासुद्धा नाही. मी पाठीमागे हात बांधून, लग्नघरच्या यजमानासारखा खूश होऊन उभा! तोवर पाणी व्हरांड्यात आलं होतं.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चपला हातात घेऊन पाण्यातून आल्या आणि मुलं बाहेर का उभी आहेत, असं विचारू लागल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. "बाई, जरा थांबा. ठराव मतदानाला आलाय." त्यांना आजवर कुणी गप्प केलं नव्हतं. त्या हातातल्या चपलांसकट दारातच थांबल्या.

तेवढ्यात हळूबाईने पेन खाली ठेवलं. उठली, माझ्या बाजूने दाराशी गेली आणि दार सताड उघडलं.

"आत या," ती म्हणाली. "दप्तरं खिडकीपाशी ठेवा. ज्यांना थंडी वाजतेय ते मध्ये बसा."

भोंगा म्हणाला, अजून मतदान व्हायचंय.

"होऊ दे की. ते आत बसून बघतील."

मुलं आत आली. एकेका बाकावर चौघंचौघं दाटीवाटीने बसली. मी हळूबाईजवळ जाऊन, रंगात आलेलं नाटक मोडलंस, असं काहीतरी पुटपुटलो.

"सर, त्यांचे ओठ निळे पडलेत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी नवीन आले तेव्हा हजेरीपटावर नाव चढेपर्यंत चार दिवस ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले होते. सगळे छान बोलायचे माझ्याशी."

हजेरीपटावर नाव चढवायचं काम माझं होतं. त्या आठवड्यात मी स्नेहसंमेलनाच्या गडबडीत होतो. जाता-येता तिला रोज विचारायचो, काय, कशी आहेस? तीही रोज बरी आहे म्हणायची.

भोंग्याने स्वेटर काढून वेण्यांच्या पोरीला दिला. मी डस्टरचं फडकं शोधू लागलो, मग ते ठेवून माझा रुमाल काढला आणि खाली बसून तिचे पाय पुसले. तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण माफ केलं की थंडीने हलली, ते समजलं नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "झाला का सर, ठराव मंजूर?"

सहावीचं छत दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागणार होते. तोवर दोन्ही वर्ग माझ्याच खोलीत. दुसऱ्या दिवशी मुलांनी परिषद पुन्हा भरवायचा हट्ट धरला. अध्यक्ष कोण होणार, विचारलं तर एकही हात वर नाही. दार कोण उघडणार, विचारलं तर सगळ्या खोलीचे हात वर. शेवटी अध्यक्ष मलाच केलं.

पहिला ठराव अर्ध्या मिनिटात मंजूर झाला: खोलीतली एकुलती एक खुर्ची सहावीच्या बाईंना द्यावी. अध्यक्षांना नकाराधिकार असतो, असं मी उभ्याउभ्या सांगून पाहिलं. तो धडा अजून व्हायचाय, असं उत्तर मिळालं.