सत्कारमूर्ती आत आहेत

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्राचार्य स्टाफच्या स्वच्छतागृहात अडकले. लॅचची मूठ हातात आली, तिचा दांडा पलीकडे व्हरांड्यात टण्णकन पडला आणि दार होते तसेच राहिले. त्याच वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सभागृहात, त्यांच्या निरोपसमारंभाला सुरुवात झाली.

ते तिथे एक शब्द पाठ करायला आले होते. तो शब्द म्हणजे 'नाही'.

झाले होते असे, की सकाळी चहा घेताना नियामक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, अजून दोन वर्षं थांबा. तुम्ही गेलात तर कॉलेज पोरकं होईल." प्राचार्यांना कुणाच्याही तोंडावर नकार देता येत नसे. "बघू, भाषणात सांगतो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. अध्यक्ष तो होकारच समजून खुशीत निघून गेले. इकडे प्राचार्यांच्या घरासमोर ट्रक उभा होता. बायकोने कैक वर्षे धीर धरून तिच्या गावी, धाकट्या बहिणीच्या शेजारी, लहानसे घर घेतले होते. कपाटे, गाद्या, शिवणयंत्र, सगळे ट्रकात चढले होते. दुपारी एकनंतर मोठ्या गाड्यांना वाटेतला पूल बंद, म्हणून ड्रायव्हर त्याआधी निघणार होता आणि त्याच्या शेजारी नवराबायको बसणार होती. अध्यक्षांच्या दोन वर्षांबद्दल तिला अवाक्षर ठाऊक नव्हते.

आरशासमोर प्राचार्यांनी आधी "क्षमा करा" असे म्हणून पाहिले. ते फारच पडेल वाटले. मग प्रकृतीचे कारण सांगून पाहिले, पण आरशातला माणूस ठणठणीत दिसत होता. शेवटी एक स्वच्छ, सभ्य, ठाम 'नाही' जमले. ते विसरायच्या आत व्यासपीठावर पोचावे म्हणून त्यांनी घाईने मूठ फिरवली होती.

त्यांनी दार ठोठावले, मग बुक्क्या मारल्या, मग खांदा लावून पाहिला. खांदा दुखला. दार सुतारकाम विभागाच्या पहिल्या तुकडीने बनवलेले होते. 'हत्ती आला तरी हलणार नाही असं दार करा,' असे त्या मुलांना स्वतः प्राचार्यांनीच बजावले होते, आणि मुले आज्ञाधारक होती.

"सर आले तेव्हा हे कॉलेज म्हणजे जुन्या गोदामातल्या दोन खोल्या होत्या," आरशाच्या वरून उपप्राचार्य बाईंचा आवाज आला. "एकीत शिवणकाम, दुसरीत वायरमन. पाऊस आला की दोन्ही वर्ग एकाच छत्रीत."

हा स्पीकर प्राचार्यांचीच देणगी. 'सूचना ऐकू आली नाही' ही सबब कायमची संपावी म्हणून त्यांनी तो कोपऱ्याकोपऱ्यात बसवला होता, स्वच्छतागृहेही सोडली नव्हती. त्यातून ऐकता सगळे येई, बोलता काहीच येत नसे.

"बाई, मी इथे आहे," प्राचार्य त्याला म्हणाले.

"सरांच्या शिस्तीबद्दल काय बोलावं?" स्पीकर पुढे म्हणाला. "कार्यक्रम चालू असताना व्हरांड्यात चिटपाखरू दिसत नाही. माळीबुवा, वॉचमन, सगळे सभागृहात."

टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी दाराला कान लावला. व्हरांड्यात खरोखरच चिटपाखरू नव्हते.

"आणि सभागृहात मोबाइल? नाव नको. आज स्वतः सत्कारमूर्ती असूनही सरांनी सगळ्यांत आधी आपला फोन दाराजवळच्या पेटीत टाकला."

पुन्हा टाळ्या. प्राचार्यांचा हात नकळत रिकाम्या खिशाकडे गेला. आपण आयुष्यभर जे जे उभे केले ते एकेक करून आपल्याच अंगावर धावून येत आहे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले.

व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी आहे हे एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आले असावे, कारण बाईंच्या बोलण्यात ओढाताण सुरू झाली. "सर येतीलच. तोवर आपल्या एक माजी विद्यार्थिनी दोन शब्द बोलतील."

या आता मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. "मी परिचारिकेचा कोर्स रात्रपाळीच्या वर्गात केला," त्या म्हणाल्या. "तो वर्ग सरांनी आमच्यासाठी काढला. दिवसा आम्ही कामाला जायचो. माझं बाळ सांभाळायला कोणी नव्हतं, तर ते सरांच्या ऑफिसात झोपायचं. सर फाइल बघता बघता पायाने पाळणा हलवायचे. परीक्षा माझी होती, जागरण त्यांचं."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. नेमके हेच नको होते. मघाचे ठणठणीत 'नाही' आतल्या आत विरघळू लागले. बळ येण्यासाठी त्यांनी शिवणयंत्र आठवले, बायकोने ते जुन्या चादरीत कसे गुंडाळले होते ते आठवले. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मेट्रनबाईंनंतर दोघे बोलले, मग बोलायला कोणी उरले नाही. उपप्राचार्य बाई पुन्हा माइकपाशी आल्या, पण स्तुतीचा साठा संपला होता. आता त्यांच्याकडे फक्त खरे उरले होते.

"सरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरची एक खोली त्यांनी संगीतवाल्यांना दिली. तीच रेडिओ दुरुस्तीवाल्यांना दिली. तीच ध्यानवर्गाला दिली. तिघंही अजून तिथेच आहेत."

सभागृहात हशा पिकला.

"ध्यानवाले चिवट निघाले," बाई म्हणाल्या.

हशा ओसरतो न ओसरतो तोच एक भारदस्त खाकरणे ऐकू आले. प्राचार्य बादलीवरून ताडकन उठले. ते खाकरणे त्यांना चांगले माहीत होते.

"मित्रहो," अध्यक्ष म्हणाले, "सर समोर असते तर संकोचले असते. नाहीत तेच बरं. आज सकाळीच मी त्यांना अजून दोन वर्षं मागितली. ते नाही म्हणाले नाहीत."

"म्हणतोय ना," प्राचार्य दारावर दोन्ही तळवे आपटत म्हणाले. "नाही. नाही म्हणतोय."

आयुष्यात प्रथमच त्यांनी हा शब्द इतक्या मोठ्याने उच्चारला होता. पण तो टाळ्यांत बुडाला. टाळ्या स्पीकरमधून आल्या आणि भिंतींतूनही आल्या.

"त्यांच्या वतीने हा पुष्पगुच्छ वहिनींनी स्वीकारावा," अध्यक्ष म्हणाले.

पावले वाजली. माइक थोडा कुरकुरला. प्राचार्यांनी श्वास रोखला.

"मी नाही घेणार," बायको शांतपणे म्हणाली. "दोन वर्षांचं मला आत्ता कळलं, तुमच्याबरोबरच. माझं घर ट्रकात आहे. स्वयंपाकघरात एक चमचासुद्धा ठेवलेला नाही. यांना राहायचं असेल तर राहू दे, पण तसं मला सांगायला हवं. मीच का नेहमी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचं?"

कोणीतरी खुर्ची सरकवली. अध्यक्षांनी पुन्हा खाकरण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

"आणि यांना शोधताय कुठे तुम्ही? जवळ आरसा असेल तिथे बघा. अवघड काही बोलायचं असलं की आधी आरशाला सांगतात. मला मागणी घालायच्या आधी माझ्या बाबांच्या न्हाणीघरात अर्धा तास होते."

थोड्याच वेळात व्हरांड्यात सगळे कॉलेज लोटले. सुतारकामाचे मास्तर पुढे झाले. त्यांनी दारावर वाकवलेली बोटे वाजवून पाहिली आणि त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला.

"सर, दार तुटायचं नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे हो," आतून आवाज आला.

"पण बिजागऱ्या या बाजूला आहेत. काढतो."

स्क्रू एकामागून एक निघाले. मास्तरांनी आणि वॉचमनने अख्खे दार उचलून भिंतीला टेकवले. आत बादलीवर प्राचार्य बसले होते, हातात लॅचची मूठ. आडोसा म्हणून काही उरले नव्हते. समोर एका बाजूला पुष्पगुच्छ घेतलेले अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला खांद्याला पिशवी लावलेली बायको, मधे उपप्राचार्य बाई, मेट्रनबाई आणि मागे टाचा उंचावून पाहणारे विद्यार्थी.

"सर, सांगून टाका एकदा," अध्यक्ष म्हणाले.

"हो, सांगा की," बायको म्हणाली. "त्यांना नको, मला सांगा. ट्रकवाला फाटकाशी आलाय."

फाटकाकडून हॉर्न ऐकू आला. प्राचार्यांनी अध्यक्षांकडे पाहिले, मेट्रनबाईंकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. मग ते सुतारमास्तरांकडे वळले.

"मास्तर," ते म्हणाले, "तेवढं दार परत लावता का? मला पाच मिनिटं हवी आहेत."

मास्तरांनी आजवर सरांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्यांनी वॉचमनला खूण केली आणि दार उचलले. बायकोने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती फाटकाच्या दिशेने अर्धी वळून उभी राहिली.

शेवटची बातमी हाती आली तेव्हा वरची आणि मधली बिजागरी बसली होती, खालचीचा एक स्क्रू सापडत नव्हता, आणि ट्रकवाल्याने गाडी सुरू केली होती.